काचेवर मोजलेली बुद्धी

१८ सप्टेंबर, गुरुवार

तथ्ये आधी, संताप नंतर. क्रम असा :

एक. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या व्यवस्थापनाने ‘प्रज्ञामिती’ नावाच्या कंपनीशी करार केला. तिसरी ते पाचवीच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी यापुढे टॅबवर होणार. करारावर सह्या झाल्यानंतर शाळेची मानसशास्त्रज्ञ म्हणून माझे ‘बहुमोल मत’ विचारण्यात आले. अक्षता पडल्यावर पत्रिका जुळते का ते पाहण्यासारखे!

दोन. सोमवारी पंधरा टॅब आले.

तीन. काल विश्वकर्मा पूजा. भिलाईत त्या दिवशी जे जे यंत्र, ते ते दैवत — पोलादाच्या प्लांटमधल्या क्रेनपासून चौकातल्या पंक्चरवाल्याच्या पंपापर्यंत. आमचा शिपाई बाबुलाल दरवर्षी शाळेची घंटा, पाण्याची मोटर आणि ऑफिसातले झेरॉक्स मशीन पूजतो. यंदा त्याने पंधराही टॅब सतरंजीवर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या काचेवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, तेलात कालवलेल्या शेंदराचा ठसठशीत टिळा. वर अक्षता, पुढे नारळ. फोटो निघाला. मध्यभागी मुख्याध्यापक शामसुंदर सर, हात जोडून. तंत्रज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच आणि तो संपूर्ण श्रद्धेचा.

चार. आज सकाळी चाचणी. पहिली तुकडी : पाचवी ‘ब’ची पंधरा मुले. कंपनीतर्फे पराग आला होता. नागपूरचा, वय चोवीस-पंचवीस, आत्मविश्वास अमर्याद. “मॅम, तुम्ही आत नसल्या तरी चालते. ह्यूमन बायस राहत नाही ना मग!” परीक्षकाच्या उपस्थितीचा बालकाच्या प्रतिसादावर होणारा परिणाम हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्यावर मी पाच वर्षे घालवली. पराग साहेबांनी उपाय पाच सेकंदांत शोधला — परीक्षकालाच व्हरांड्यात बसवा.

पाच. वीस मिनिटांत पंधरा बुद्ध्या मोजून झाल्या. मी एका मुलाला तासभर घेते. त्यातली पहिली दहा मिनिटे तर त्याची भीती जाण्यातच जातात. ही उधळपट्टी आता थांबली.

संताप उद्या लिहीन.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायला बसले. सुचलेले शब्द या वहीच्याही लायकीचे नव्हते.


२२ सप्टेंबर, सोमवार

निकाल लागले. लागले म्हणजे शामसुंदर सरांच्या मोबाइलवर उमटले. हिरवा ठिपका — हुशार. पिवळा — बरा. लाल — पुढे वाचायची गरज नाही.

पाचवी ‘ब’च्या त्या पंधरांत एकच लाल. भूमिका, वय दहा. वडील कमलेश प्लांटमध्ये, रोलिंगच्या खात्यात. ‘बौद्धिक क्षमता : अत्यल्प. शिफारस : साहाय्य कक्ष.’ त्याखाली एक हसरा सूर्य आणि सूचना — ‘ही माहिती पालकांना प्रेमाने कळवा.’ यंत्रालाही संस्कार आहेत!

साहाय्य कक्ष म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. शिकण्यात फार मागे असलेली सहा मुले आणि त्यांची शिक्षिका नलू. त्या खोलीला शाळेत कोणी कक्ष म्हणत नाही. मुले जे म्हणतात ते मी लिहिणार नाही.

“लाल दिसलं की सात दिवसांत कार्यवाही दाखवावी लागते, मॅडम,” सर म्हणाले. “सात कशाले? आजच करून टाकू!” मधल्या सुटीनंतर दप्तरासह मुलगी व्हरांड्याच्या टोकाला. विजेचे बिल भरण्यात हीच तत्परता असती, तर आमचे पंखे फिरले असते.

मी एवढेच विचारले की एका चाचणीवर, खातरजमा न करता? सर म्हणाले, “दिवाळीच्या सुट्यांपर्यंत बदलता येते न. मंग पोर्टल बंद होते.” पोर्टल बंद झाल्यावर हा शेरा कायम. पुढच्या वर्षी सहावीत ती नाही. या राज्यातल्या कुठल्याही शाळेने तिचे नाव उघडले की आधी लाल ठिपका दिसेल, मग मुलगी.


२३ सप्टेंबर, मंगळवार

पाचवी ‘ब’च्या वर्गशिक्षिका मोनाली मॅडम यांना भूमिकाविषयी विचारायला गेले. वर्गात अठ्ठावन्न मुले. बाकावर चौथ्याला जागा नाही, म्हणून चौथा तिरका बसतो.

“भूमिका? कौन भूमिका?” मोनाली मॅडमने मोबाइलवरची हजेरी वरखाली केली. “अच्छा, उन्नीस नंबर! अरे, तिचा काही त्रास नव्हता मॅडम. बोलतच नाही ना ती. एकदा बोलली, तर पूरी क्लास हसली. ‘मले येते, मले येते’ करत होती. मी म्हटलं, बेटा, प्रॉपर बोलो. मग नाही बोलली.”

बालकाच्या शैक्षणिक इतिहासाची इतकी सखोल मुलाखत मी आजवर घेतलेली नाही. दीड मिनिट.


२४ सप्टेंबर, बुधवार

भूमिकाची आजी आली. भागाबाई. भिलाई-३ वरून ऑटोने. पदर डोक्यावर, हातात डबा. मी बसा म्हटले तर बसली नाही.

“मॅडमजी, एक इचारू? आमची पोरगी येडी हाय का?”

मी म्हटले, “आजी, असा शब्द आम्ही वापरत नाही.”

“तुमी नाही वापरत. गल्लीतले पोट्टे वापरून राहिले. परवापासून.” तिने डबा टेबलावर ठेवला. “माह्या गोळ्या तेच पाह्यते. सकाळची कोणती, जेवल्यावरची कोणती, अर्धी कोणती. दोन साल झाले. एक डाव चुकली नाही. चुकली असती, तं मी इथं भांडाले आली असती का जी?”

युक्तिवाद निर्दोष. दीक्षान्त समारंभात याहून शिथिल युक्तिवादांना मी टाळ्या वाजवल्या आहेत.

“चाचणीत काही प्रश्नांची उत्तरं तिनं दिली नाहीत,” मी म्हटले.

“मंग इचारलं का तिले, कावून नाही देल्ले?”

“ती चाचणी यंत्र घेतं, आजी.”

“हो का? अन् यंत्राले कोणं इचारलं?” एवढे बोलून ती निघाली. दारातून परत आली. “डब्यात सांजोऱ्या हायेत. डबा वापस पाठवजा.”

भागाबाईची भाषा माझ्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमधली. मी ती चौदाव्या वर्षी सोडली, प्रयत्नपूर्वक. आज तिच्याशी बोलताना दोनदा ‘मले’ ओठांपर्यंत आले. गिळले.

सांजोऱ्या उत्तम होत्या.


२५ सप्टेंबर, गुरुवार

परागला फोन. भूमिकाने प्रत्येक प्रश्नाला नेमके काय केले, ते हवे म्हटले.

“मॅम, कॅटेगरी दिली ना आम्ही? लाल.”

“डॉक्टरने ‘आजारी’ एवढेच सांगितले तर तुम्ही घरी जाल का?”

“आमचं इंजिन आहे ना मॅम, ते सगळं बघते.”

“मग तुमच्या इंजिनाने काय पाहिले, तेच मला पाहायचे आहे. नाहीतर या अहवालावर माझी सही होणार नाही आणि पहिल्याच शाळेत तुमचा अहवाल सहीविना पडून राहील.”

चार वाजता मागितले, पाच वाजता आले. ह्यूमन बायस कधीकधी कामाला येतो.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

अठ्ठेचाळीस प्रश्नांची चाचणी. प्रत्येक प्रश्नाला चार चित्रे : वर दोन, खाली दोन. बरोबर चित्रावर बोट ठेवायचे. वेळ संपेपर्यंत बोट ठेवले नाही तर प्रश्न कोरा. लागोपाठ तीन कोरे गेले की यंत्र समजते की बालकाची झेप इथवरच, आणि चाचणी बंद करते.

भूमिकाची चाचणी चौदाव्या प्रश्नाला बंद पडली. अठ्ठेचाळीसपैकी नऊ. म्हणून लाल.

आता इंजिनाला जे पाहण्याची गरज वाटली नाही, ते. चौदा प्रश्नांत नऊ बरोबर. चूक — एकही नाही! पाच कोरे. तिसरा, आठवा, आणि शेवटचे तीन. या पाचही प्रश्नांचे बरोबर उत्तर एकाच जागी होते : चौथे चित्र. खाली, उजवीकडे. दुसरीकडे कुठेही उत्तर असले की मुलगी तीन सेकंदांत मोकळी. उत्तर चौथ्या घरात असले की वेळ संपेपर्यंत थांबलेली.

हा योगायोग नाही. माझे अनुमान : दृष्टिक्षेत्राच्या उजव्या अधोभागातील न्यूनता. मेंदूच्या डाव्या बाजूस क्वचित आढळणाऱ्या दोषामुळे असे होते. संदर्भ काढले. पाच पानांचे टिपण तयार केले. भाषा मला स्वतःला आवडली. नागपूरच्या एका मेंदुतज्ज्ञांना पाठवायचे ठरवले आहे. प्रकरण दुर्मीळ आहे. निबंध होऊ शकेल.


२७ सप्टेंबर, शनिवार

निबंध होणार नाही.

टिपण पाठवण्यापूर्वी मुलीला एकदा प्रत्यक्ष पाहावे, एवढा शास्त्रीय संकेत पाळला. तिला माझ्या खोलीत बोलावले. बारीक चणीची, दोन वेण्या, खुर्चीच्या कडेवर बसली. मी डोळे तपासले, बोट नाचवले. सगळीकडचे दिसते.

“चाचणीत खाली उजवीकडचं चित्र दिसत होतं का तुला?”

“हो.”

“काय होतं तिथे?”

“तिसऱ्याले छत्री. आठव्याले उलटा बाण. मंग घर, मंग अर्धा गोल, मंग दोन मासोळ्या.”

नऊ दिवसांनी! क्रमाने! मी कागदाशी ताडून पाहिले. बिनचूक.

“म्हणजे उत्तर येत होतं. मग बोट का नाही ठेवलंस?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी कुठल्या मुलखातून आले आहे याची तिला शंका आली असावी.

“त्याच्यावर टिळा होता न.”

“मग?”

“पूजेच्या मशीनचा टिळा मिटवाचा नसते. आपोआप गेला पायजे. बाबा म्हंते, टिळा पुसला तं मशीन हात मांगते. बाबाच्या खात्यातल्या एका काकाचे दोन बोटं घेतले.”

“पण बाकीच्या मुलांनी तर तिथे बोटं ठेवली.”

“त्याइचे बाबा प्लांटात नसन.”

मग तीच पुढे म्हणाली, “मी थांबून पाह्यलं. वाटलं, मशीनले समजन का टिळा हाय म्हून. पण मशीन समोर समोर चाललं गेलं.”

पाच पानांचे टिपण फाडले. भाषा खरोखर चांगली होती.


२९ सप्टेंबर, सोमवार

शामसुंदर सरांना सगळे क्रमवार सांगितले. ते आधी हसले. पोट धरून. मग दार लावून घेतले.

“म्हंजे पोरगी शेंदरानं फेल झाली! मॅडम, हे मी वर कसं कळवू? ‘पूजा केल्यामुळे बुद्धी कमी भरली’ असं?”

“काचेवर टिळा असताना चाचणी घेतली गेली, एवढेच कळवा.”

“अन् त्या फोटोत मी हात जोडून उभा हाओ, त्याचं काय? उद्या कोणी म्हनन, पूजा बंद करा. परवा दुसरा कोणी म्हनन, पूजेले नावं ठेवणारे तुमी कोण? मंग ना पूजा, ना परीक्षा, ना मी!”

बाबुलाल चहा घेऊन आला. सरांनी त्याला विचारले, “काय गा, टिळा काचेवरच काऊन लावला? पाठीवर लावला असता.” बाबुलालने कप ठेवला. “साहेब, देवता के मुँह में टीका लगाथें, पीठ में नइ।”

सरांनी कप उचलला.

शेवटी असे ठरले : कारण ‘तांत्रिक अडथळा’. फेरचाचणीसाठी कंपनीकडे विनंती. तोवर मुलगी साहाय्य कक्षातच. शेंदूर आता तांत्रिक झाला आहे. बढतीच म्हणायची.


२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. बोरसीत आमच्या गल्लीत स्कूटर, गिरणी, कूलर, सगळ्यांना हार. मी माझ्या चष्म्याला घालावा का, असा विचार करत होते. तोही अलीकडे दुर्मीळ प्रकरणेच पाहतो.


६ ऑक्टोबर, सोमवार

सुट्या संपल्या. साहाय्य कक्षाच्या खिडकीतून पाच मिनिटे निरीक्षण केले. न सांगता. सांगून केलेले निरीक्षण म्हणजे सत्कार.

रूपेश नावाचा मुलगा आहे, बारा वर्षांचा, त्याला घड्याळ कळत नाही. भूमिकाने त्याच्यापुढे भाकरीएवढा पुठ्ठ्याचा गोल ठेवला होता आणि त्याचेच दोन हात काटे म्हणून फिरवत होती. “लहान हात सुस्त राह्यते. मोठा पळते. आता सांग, मोठा एक चक्कर पळून आला, तं लहान किती सरकला?” रूपेशने बरोबर सांगितले. सहाही मुलांनी टाळ्या वाजवल्या. नलू मागच्या बाकावर बसून फुग्यांत हवा भरत होती.

नलू साधी पदवीधर, हाताशी एक छोटा प्रशिक्षणक्रम. खोलीत खेळणी, गाणी आणि भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचे फूल. अध्यापनशास्त्रीय दृष्टीने जत्रा.

मी तिला बाहेर बोलावून सांगितले की या मुलीला इथे ठेवणे हा अपराध आहे. जी दुसऱ्याला शिकवते, ती इथे काय शिकणार?

“ते तं खरं हाय मॅडम,” नलू म्हणाली. “पण राहू द्या न थोडे दिवस. आली तवा तोंड उघडत नव्हती. आता पाह्यलं न, कशी बोलून राहिली, हसून राहिली.”

हसणे हे मापनाचे एकक नाही, असे मी तिला समजावले. तिने मान हलवली. तिच्या केसांत फुग्याचा तुकडा अडकला होता. त्याचीही मी तिला जाणीव करून दिली.


८ ऑक्टोबर, बुधवार

आज भूमिकाची चाचणी मी घेतली. माझ्या पद्धतीने : लाकडी ठोकळे, चित्रांची कार्डे, समोरासमोर दोन माणसे. टिळा कशालाही नाही. पहिली दहा मिनिटे आम्ही सांजोरीत सारण किती भरावे यावर बोललो. (तिच्या मते, फुटणार नाही इतके. शास्त्राला याहून चांगली व्याख्या देता येणार नाही.)

मग तासभर ती थांबली नाही. नववा ठोकळ्यांचा नमुना मोठी माणसेही अर्ध्यात सोडतात. तिने एकदा पाहिला, डोळे मिटले, रचला. एका ठिकाणी तर मीच वेळ लावायला विसरले! असे वीस वर्षांत प्रथम झाले. नोंद करते आणि लाज वाटते.

निष्कर्ष : तिच्या वयाच्या शंभर मुलांत वरच्या तीन-चारांत.

परागला कळवले. “वा मॅम, सुपर! पण पोर्टलमध्ये कागदी टेस्टचं ऑप्शनच नाही. टॅबवरूनच यावं लागते.” म्हणजे सूर्य उगवला आहे हे मान्य, पण उजेड कंपनीच्या दिव्यातूनच यावा.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

मंजुरी आली. मंगळवारी, १४ तारखेला फेरचाचणी. तितकेच प्रश्न, नवी चित्रे. पोर्टल १६ला बंद होते. एकच संधी.

भागाबाईंना निरोप पाठवला. त्या स्वतःच आल्या, डबा न्यायला. “यावेळेस मी तिले सांगून ठेवतो, का मशीनले भिऊ नको. अन् पास झाली, तं त्या गल्लीतल्या पोट्ट्याइच्या घरी आधी पेढे देतो. एक एक घर पाहून!”

मलाही त्या घरांत स्वतः जाऊन उभे राहावेसे वाटले. शास्त्रीय भूमिका नव्हे, पण वाटले.


१३ ऑक्टोबर, सोमवार

टॅबची काच स्वतः स्पिरिटने पुसली. पाठही. बाबुलालला दोन दिवस टॅबपासून दहा हात दूर राहायला सांगितले. “धनतेरस आथे, मैडम,” तो म्हणाला. धनतेरसच्या आत चाचणी उरकते, हे मी तीनदा पंचांगात पाहून घेतले.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

झाली!

या खेपेला मी आत. व्हरांड्यात पराग. त्याने बायसविषयी काही म्हणण्यासाठी तोंड उघडले, मी माझ्या प्रबंधाची प्रत त्याच्या मांडीवर ठेवली. वाचायला वेळ होताच त्याला.

सुरुवातीला भूमिकाने काच न्याहाळली. चारही कोपरे. मी म्हटले, “स्वच्छ आहे. कुठेही बोट ठेव. यंत्र काही मागणार नाही.”

“यात चांगली आली, तं मले पाचवी बमंदी जा लागते?”

“लागते म्हणजे? जायला मिळते! उद्याच. तुझी जागा ती आहे.”

“अन् रूपेशचं घड्याळ?”

“ते नलू मॅडम पाहतील.”

“अन् चांगली नाही आली तं?”

“ते शक्यच नाही,” मी सांगितले. “मी तुला मोजले आहे.”

तिने मान डोलावली आणि सुरू केले. या वेळी घाई अजिबात नाही. प्रत्येक प्रश्नाला चारही चित्रे नीट पाहायची, एकावर क्षणभर नजर थांबवायची, मग बोट. एकही प्रश्न कोरा सोडला नाही. यंत्राला थांबायचे कारणच मिळाले नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस! संयम, पद्धत, एकाग्रता — मी परीक्षक म्हणून शिस्तीत चेहरा कोरा ठेवला होता, पण मनातून फुलून आले होते. असे शांतपणे, तोलूनमापून उत्तर देणारे मूल मी पाहिलेले नाही.

जाताना तिने टॅब दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. “मॅडम, तुमी नाराज नका होऊ.”

मी कशाला नाराज होईन! मुलांना परीक्षेनंतर असे वाटतेच.

भागाबाई फाटकाशी उभ्या होत्या. मी दुरूनच त्यांना हात उंचावून दाखवला.


१५ ऑक्टोबर, बुधवार

निकाल आला. लाल. परागचा आवाज पडलेला. “सॉरी मॅम, मागच्यापेक्षा खाली गेली. शून्य.”

अठ्ठेचाळीसपैकी शून्य.

चार चित्रांतले एक डोळे मिटून निवडले, तरी सरासरी बारा बरोबर येतात. काहीच न येणाऱ्या मुलाला बारा मिळतात. नुसत्या नशिबाने शून्य पडायचे, तर दहा लाख मुलांतल्या एकाला पडेल. अठ्ठेचाळीस वेळा चुकायचे असेल, तर अठ्ठेचाळीस वेळा बरोबर उत्तर माहीत असावे लागते — आणि दर वेळी ते बाजूला ठेवावे लागते.

तिला काही विचारले नाही. पोर्टल उद्या बंद होते. शामसुंदर सर, मोनाली मॅडम आणि मी, तिघांच्या नावे आज एकच ओळ टंकून ठेवली आहे :

‘या मुलीने आपली सगळी बुद्धी ज्या वर्गात परत न जाण्यासाठी वापरली, त्या वर्गात आपण तिला कशासाठी नेत होतो? उद्या सकाळी अकराच्या आत उत्तर लेखी द्यावे.’